रक्ताच्या पिशवीचा हिशोब

आज मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलं. तिथल्या ताईंना सहज विचारलं, "यातल्या प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवाचं, पुढे काय होतं?" "पेशंटला देतात," एवढंच उत्तर मिळालं.

पण गोष्ट तेवढीच नसते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो आणि उरलेला औषध कंपन्यांकडे जातो. त्यापासून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियाच्या (रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार) रुग्णांना लागणारं फॅक्टर आठ अशी औषधं बनतात. रक्तपेढीला त्याचा मोबदला मिळतो, आणि हे नियमात बसतं. मला यात काहीच गैर वाटत नाही. ती औषधं कुणाच्या तरी लेकराचा जीव वाचवतात. मग देणाऱ्याला सांगायला काय हरकत आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत बंद झाली. रक्तपेढीनेही फक्त तपासणी-साठवणुकीचा खर्च घ्यायचा असतो. पण हा खर्च कशाकशाचा, हे कुणी समजावत नाही, म्हणून बिल पाहिलं की नातेवाइकांना वाटतं, फुकट मिळालेलं रक्त विकतात. अशाने उद्या शिबिरांना माणसं येणार नाहीत, याची मला खरी काळजी वाटते.

कार्यकर्त्यांशी बोलले. गेल्या शिबिरातल्या किती पिशव्या रुग्णांना गेल्या, किती मुदत संपून वाया गेल्या, प्लाझ्मा किती आणि कुठे गेला, हे रक्तपेढीकडून लेखी मागायचं ठरलंय. तुमच्या मंडळातही विचारा.