आमची वाटचाल : पडद्यावरचं गणित

पुण्यात सदाशिव पेठेत वडिलांचा ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं. गणिताचं पान आलं की अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या घरी कोणीतरी आजारी पडायचं. घातांकाचे बारके खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवलेल्या पानाची चौकट आवळताना निसटत, ते कोण निस्तरणार?

म्हणून १९८८ साली कर्ज काढून एक्सटी, म्हणजे त्या काळचा पीसी घेतला. मेमरी ६४० किलोबाइट, पडद्यावर चित्रं दाखवणारं हर्क्युलस कार्ड, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा पडदा. त्यावर ची-रायटर या गणित टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये वर्गमूळ, इंटिग्रल जसंच्या तसं दिसायचं! वर्डस्टार हा साध्या मजकुराचा प्रोग्रॅम वापरणारे खास बघायला येत.

त्या दिसण्यानंच घात केला. अभियांत्रिकीच्या एका गाइडची तीनशे पानं झाल्यावर प्रकाशकाला डेमीऐवजी क्राउन, म्हणजे पुस्तकाचा लहान आकार हवासा वाटला. ची-रायटरच्या लेखी अपूर्णांक म्हणजे खालीवर ठेवलेली अक्षरं. पान अरुंद केलं की सगळं हातानं पुन्हा मांडा. वाढीव पैसे मागितले, तर काम उचलून शेजारच्या गल्लीत दिलं. तो गृहस्थ बटर पेपरवर लेट्रासेटची (घासून उमटवायची) चिन्हं चिकटवायचा आणि वजाच्या जागी खुशाल आखूड हायफन ठोकायचा. वर माझा ऑपरेटरही पळवला. झालेल्या पानांचे पैसे आजतागायत आले नाहीत. (नव्यानं धंद्यात येणाऱ्यांनो, निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फ्लॉपी फॉरमॅटसुद्धा करू नका.)

मशीन विकायला काढलं होतं. तेवढ्यात भर पावसात सर आले, वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक, निवृत्त प्राध्यापक. प्लॅस्टिकच्या पिशवीत टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून वैतागून हे काम हाती घेतलं, असं सर म्हणाले. म्हणजे आमच्याच जातभाईंनी त्यांना छळलं असणार.

"सर, पण यात पडद्यावर काहीच दिसत नाही हो!"

"तुला दिसायला कशाला हवं? त्याला कळलं म्हणजे झालं."

ए भागिले बी हवं तर महिरपी कंसात टाइप करायचं ए, उलटा स्लॅश, ओव्हर, बी. बस, रेघ टेक मारणार, अंतरं तो ठरवणार. प्रकरणाची फाइल टेकमधून चालवायला लावायची आणि चहाला जायचं. ओळीची रुंदी बदलली की मजकूर आपोआप नव्यानं बसे. लांब समीकरणं तेवढी हातानंच तोडावी लागत, खोटं कशाला बोलू.

सरांनी स्वतःच्या दोन पुस्तकांचं काम दिलं, पैसे आगाऊ. पुढची वीस वर्षं बरी गेली.

परवा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ते गाइड दिसलं. उभ्या उभ्या एका पानावर अकरा हायफन मोजले. बायको म्हणाली, "चला आता, भाजी घ्यायचीय."