बॉडीच बॅटरी झाली तर

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं फायबरच्या कामाचं शेड आहे. मशीनची गार्ड, ट्रॅक्टरची छपरं आणि अलीकडे इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीची कव्हरं, असली कामं. या कव्हरांनी डोकं खाल्लंय. गिऱ्हाइकाचं पालुपद एकच, "वजन जरा उतरवा की." मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचा, एक थर कमी केला तर खड्ड्यात आपटून तडा, वाढवला तर वजनकाट्यावर बोंब. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो वीसेक किलोचा बॅटरीचा ठोकळा मात्र आयतोबा. गाडीचा भार उचलायला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट त्यालाच सांभाळायला चेसिस जाड करा, कव्हर जाड करा.

माझा भाचा मेकॅनिकलला आहे. मागे शेडवर आला आणि म्हणाला, "मामा, तुमचं कव्हर आणि आतली बॅटरी एकच करायला लागलेत."

"व्हिडिओ बघून आलास व्हय?"

"व्हिडिओ न्हाई, संशोधनाचा पेपर आहे. वाचा तरी."

तेव्हापासून जेवणं झाली की मी तेच वाचत बसतोय.

स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात लेइफ आस्प यांचा गट बरीच वर्षं यावर आहे. कार्बन फायबर ताकद देतं हे आम्हाला माहीत. पण त्यात वीजही खेळते आणि लिथियमही मुरतं. म्हणजे भार घेणारा धागाच बॅटरीचं ऋण टोक, आणि वीज बाहेर आणायला तांब्याची पन्नीही नको. २०२१ च्या नमुन्यात धन टोकाला ॲल्युमिनियमच्या पन्नीवर लिथियम आयर्न फॉस्फेटचा लेप होता आणि मध्ये ग्लास फायबरचं पातळ कापड. किलोमागे २४ वॉट-अवर वीज, कडकपणा २५ गिगापास्कल (आकडा जितका मोठा तितका माल कमी वाकतो). २०२४ मध्ये पन्नी काढून लेपही कार्बनच्या धाग्यावरच दिला. वीज ३० वर गेली आणि धाग्याच्या दिशेनं मोजला तर कडकपणा ७० च्या पुढे. हा झाला ॲल्युमिनियमचा कडकपणा. आम्ही हातानं रोलर मारून काढतो तो मॅटचा पत्रा जेमतेम ७-८ भरतो. अर्थात कडकपणा वेगळा आणि तुटायची ताकद वेगळी, हे गिऱ्हाइकाला सांगून मी थकलोय, तेव्हा इथंही सांगून ठेवतो.

खरी गंमत मात्र रेझिनमध्ये, म्हणजे धागे भिजवायच्या चिकट रसायनात आहे. आमच्या धंद्यात रेझिनला काम एकच: सेट होऊन धाग्यांना घट्ट धरायचं. हार्डनर पडला की पोरं रोलर घेऊन मॅटमधली हवा काढत बसतात, कारण बुडबुडा राहिला की पत्रा तिथनंच उलतो. बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला हवेत, आणि सेट झालेल्या इपॉक्सी रेझिनमधनं ते हलत नाहीत. नुसतं पातळ इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारं द्रावण, भरलं तर आयन पळतील, पण पातळ पदार्थ भार काय घेणार? मग या लोकांनी काय केलं, तर पॉलिमरचा कच्चा माल आणि इलेक्ट्रोलाइट एकत्र कालवून धाग्यांत मुरवलं आणि गरम केलं. सेट होता होता दोघं आपोआप फुटून वेगळे होतात. पॉलिमरला आंबोळीसारखी जाळी पडते आणि त्या जाळीत इलेक्ट्रोलाइट राहतं. पॉलिमर भार धरतो, भोकांतनं आयन जातात. जाळी वाढली तर कडकपणा गेला, कमी पडली तर चार्जिंग रेंगाळलं. ज्या भोकांपायी माझे जॉब रिजेक्ट होतात, ती हे लोक मापून पाडतात. मी तो परिच्छेद दोनदा वाचला.

दुसरी भानगड धाग्याच्या फुगण्याची. चार्ज होताना लिथियम आत शिरतं आणि सुटा धागा लांबीला साधारण १ टक्का वाढतो, जाडीला त्याहून बराच जास्त. डिस्चार्जला परत आखडतो. धागा आणि रेझिनची पकड रोज खिळखिळी करायचाच हा उद्योग. तरी २०२४ च्या नमुन्यानं १००० वेळा चार्ज-डिस्चार्ज काढले, याला मानलं.

आता आमच्या कामाचा हिशेब. स्कूटरची सगळी बॉडी १५ किलो धरा. किलोला ३० प्रमाणे ४५० वॉट-अवर. किलोमीटरला ३० वॉट-अवर लागतात म्हटलं तर १५ किलोमीटर. उद्यमनगरातून गोकुळ शिरगावला जाऊन यायला तेवढंच लागतं. तीन किलोवॉट-अवरच्या पॅकपुढे हे सहावा-सातवा हिस्सा. साध्या लिथियम सेलमध्ये किलोला दीडशे ते अडीचशे मावतात, त्यामुळे बॅटरी म्हणून बघितलं तर हा माल लंगडाच. पण बॉडीचे ते १५ किलो मी तसेही गाडीवर चढवणारच होतो. तेच वजन भारही घेईल आणि वीजही देईल, तर वीज जवळपास फुकटात पडली. भाच्याच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती: माल एवढा कडक असेल तर पत्रा पातळ करता येईल, आणि पातळ केला की वीजही कमी. हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही.

स्पर्धेत टिकेल अशी बॅटरी बनली तर इलेक्ट्रिक कार एका चार्जमध्ये ७० टक्क्यांपर्यंत जास्त पळेल, असं चाल्मर्सचं गणित. यातलं 'तर' लय मोठं आहे. २०१३ मध्ये व्होल्वोनं एस-८० गाडीची डिकी अशीच दाखवली होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजबरोबरचं काम, बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटकन घेणारा-सोडणारा पण कमी साठवणारा भाग, तोही कार्बन फायबरचा. ती डिकी अजून शोरूमला आलेली नाही. टेस्ला सेल खालच्या पॅकमध्ये चिकटवून त्यालाच गाडीचा तळ करते, पण तिथं सेल नेहमीचेच. तो वेगळा खेळ.

माझी अडचण दुरुस्तीची. स्कूटर घसरून कव्हर उललं तर आम्ही ग्राइंडर मारतो, दोन थर मॅट, रेझिन, पुट्टी, रंग, गाडी संध्याकाळी घरी. उललेल्या बॅटरीवर ग्राइंडर कोण मारणार? शिवाय हे नमुने ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, कोरड्या आर्गॉन वायूत बनतात, कारण लिथियमला ओलावा चालत नाही. इकडे जुलैत पंचगंगा पात्राबाहेर असते आणि आमचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, दुपारपर्यंत बोटाला चिकटतो.

म्हणून मला वाटतं, हे स्कूटरवर यायच्या आधी ड्रोनवर येईल. आपल्याकडे उसावर फवारणी करणारे ड्रोन बघा, तिथं शंभर ग्रॅम वाचले तरी तेवढं औषध जास्त मावतं. आपटला तर बाहू बदलायचा, डागडुजी करत बसायचं नाही.

भाच्याला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच करायचाय. त्याला म्हटलं, लिथियमच्या वाटेला जाऊ नको, ग्लव्हबॉक्स कुठनं आणणार? सुपरकपॅसिटर कर, तो उघड्यावर जमेल. एका जॉबमधनं उरलेलं कार्बनचं कापड होतं, ते देऊन टाकलं. रेझिनचं त्याचं त्यानं बघायचं.