आबांच्या कॅसेट

मालवणच्या घरी फडताळात आबांच्या १९ व्हीएचएस कॅसेट सापडल्या, सगळे जुने कृष्णधवल मराठी चित्रपट. चार पावसाळे कुणी हात लावला नव्हता. पहिलीच उजेडात धरली, तर फितीच्या कडेवर पांढरी बुरशी, तांदळाचं पीठ सांडल्यासारखी.

अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये कधीच घालू नका. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटला लागते. मी पडवीत बसून, मास्क लावून तिचे पाच स्क्रू काढले. रिळं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात पंधरा दिवस ठेवली, मग मऊ कापडानं पुसली. अर्धा इंच रुंदीची फीत ती. जरा जोरात ओढली की सुरकुती पडते, आणि पडली की जात नाही.

खरं समाधान आवाजानं दिलं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपली टीव्ही-व्हिडिओची पाल पद्धत २५ची. म्हणून टेपवर सगळं ४ टक्के जलद पळतं आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. टेपवरून उतरवलेली मूळ नक्कल ओरखड्यांसकट वेगळी ठेवली, दुसऱ्या नकलेचा वेग २४वर आणला आणि गाणं लावलं. आई हात पुसत माजघरात आली, उभ्यानंच ऐकत राहिली.

"आता कसो खरो आवाज लागता!"

उरलेल्या १८ गणपतीआधी उघडायच्या आहेत.