स्वदेशी घ्या म्हणजे नक्की कोणाचं घ्या?

दिवाळी जवळ आली की आमच्या सगळ्या ग्रुपांवर ती यादी फिरायला लागते. एका बाजूला विदेशी, दुसऱ्या बाजूला स्वदेशी, टूथपेस्टपासून बनियनपर्यंत सगळं त्यात, आणि खाली लाल अक्षरात की खरे भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हापासून तर दिवाळीची वाट बघायचीसुद्धा गरज राहिली नाही, बारा महिने चालूच. आमच्या इंदूरला राजवाड्याकडच्या दुकानांत बोर्ड लागले, इथे स्वदेशी माल मिळतो. आत जाऊन विचारलं की भिया यात स्वदेशी काय आहे, तर तो हसतो आणि म्हणतो, दीदी सगळंच आहे, तुम्ही घ्या तर खरं.

मी देशात बनलेलं घ्यावं या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी माझ्यावर चिडायला नको. पण त्या यादीच्या बाजूची मी अजिबात नाही. कारण ती यादी बनवणाऱ्याने फक्त कंपनीचा मालक कुठला एवढंच बघितलंय. आता आपलं पीथमपूर घ्या, इंदूरहून तासाभराच्या रस्त्यावर. तिथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, कंपनी जपानी, पण टायर बनवणारी मुलं धार, महू, इंदूरची. यादीप्रमाणे तो टायर विदेशी. आणि एखादी अस्सल आपल्या नावाची कंपनी बाहेरून तयार इस्त्री मागवून त्यावर स्वतःचा स्टिकर चिकटवते ती स्वदेशी, कारण नाव संस्कृत आहे. हे काही मला पटत नाही.

दुसरी एक अफवा म्हणजे बारकोड. ८९० ने सुरू होत असेल तर माल भारतात बनलेला, असं आमच्या सोसायटीतल्या काका लोकांचं पक्कं मत आहे, दुकानात चष्मा वर करून आकडे वाचतात. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की कंपनीने बारकोडचा नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. माल चीनमधून आलेला असला तरी त्यावर ८९० असू शकतो. बघायचंच असेल तर मागे बारीक अक्षरात बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता असतो आणि आयात मालावर देशाचं नाव असतं ते बघा. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही २०२० च्या नियमांपासून कुठल्या देशात बनलं ते दाखवावं लागतं, पण ते इतकं खाली असतं की तिथे पोचेपर्यंत माणूस पैसे भरून मोकळा होतो.

पण खरी मजा तेलात आहे, आणि ही गोष्ट आपल्या माळव्याची असल्यामुळे मला यावर जरा जास्तच बोलायचंय.

माळव्यात सोयाबीन किती होतं हे काय मी सांगायचं, उज्जैन देवास कुठेही जा, पावसाळ्यात दोन्ही बाजूला तेच. सोयाबीनची देशातली मोठी संशोधन संस्था आपल्या इंदूरलाच आहे. म्हणजे घरात सोया रिफाइंडचा पाऊच आला, पत्ता मध्य प्रदेशातल्या प्लांटचा, तर आपण काय समजणार, आपल्या शेतकऱ्याचं तेल. असेलही. पण त्यात अर्जेंटिना किंवा ब्राझीलहून जहाजाने आलेलं कच्चं तेल फक्त इथे साफ करून भरलेलं असू शकतं आणि पाऊचवर ते कुठे लिहिलेलं नसतं, कारण पॅकिंग इथलं आहे. देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया मलेशियाचं, सोया तेल दक्षिण अमेरिकेचं, सूर्यफूल बरंचसं रशिया युक्रेनकडचं. त्यात सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं जेमतेम १८ टक्के, बाकी सगळी पेंड, जिला इकडे सगळे डीओसी म्हणतात, म्हणून कितीही सोयाबीन पेरलं तरी तेलाची तूट काही त्याने भरत नाही.

आणि मग शेव. इंदूरची शेव म्हणजे आपला अभिमान, नातेवाईक पुण्याहून आले की बॅगेत कपडे कमी आणि शेव जास्त घेऊन जातात. चांगली जुनी दुकानं शेंगदाणा तेलात तळतात, पण स्वस्त पाकिटं उलटी करून बघा, पामोलिन, म्हणजे पामतेलच, लिहिलेलं असतं. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली होती तेव्हा सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारात, सगळ्यांच्या तोंडी जकार्ता होतं. इंदुरी शेवेचा भाव जकार्त्यात ठरतो, घ्या आता.

सप्टेंबर २०२४ मध्ये काय झालं आठवतंय का, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि मंडीत तेवढाही मिळेना, म्हणून शेतकऱ्यांनी ६,००० मागत ट्रॅक्टर काढले. त्याच महिन्यात सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के कस्टम ड्युटी लावली. किचनमधल्या लोकांनी, म्हणजे आपणच, बोंब मारली की तेल महाग झालं. पुढे मे २०२५ च्या शेवटी ती २० ची १० केली, तर शेतकरी नाराज. म्हणजे एकाच घरात जावयाची शेती इंदूरजवळ सांवेरला आणि सासूबाई इंदुरात तेलाच्या भावावरून कटकट करतायत, आणि दोघंही ग्रुपवर स्वदेशीची यादी फॉरवर्ड करणार! त्या यादीत तेलाचा हा सगळा कारभार कुठेच नाही. टूथपेस्ट बदलून देशप्रेम होतं, स्वस्त आहे ते.

आता उलटी बाजू. फक्त देशी घेतलं की देशी माणूस वाचतो का? इंदूरवाल्यांना हे शिकवायला बाहेरचं कोणी नको, आपल्या कापडाच्या मिला आहेत की. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, आणि एकीचं तर नावच स्वदेशी. सगळ्या गेल्या. आणि गंमत बघा, तेव्हा लोक काही विदेशी कापड घेत नव्हते, दुकानात ते मिळतच नव्हतं जवळजवळ. लोकांनी देशीच घेतलं, फक्त ते भिवंडी, सुरत, मालेगावच्या पॉवरलूमचं आणि पॉलिस्टरचं घेतलं कारण स्वस्त पडायचं, टिकायचं, इस्त्री लागायची नाही. आणि आपल्या मिलांमध्ये जुनाट मशिनरी, वर मॅनेजमेंटचे घोळ. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, पाच हजारांवर कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्या देण्याचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडलं. तोपर्यंत कितीतरी जण वारले होते, पैसे बायकांना मिळाले, मुलांना मिळाले. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, वर्गणी गोळा करून, आणि आपण रात्रभर जागून बघायला जातो. पण त्या कामगारांना विदेशी मालाने मारलं असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे.

आणि बाहेरचं येऊच दिलं नाही तर काय होतं तेही आपल्या आईबाबांनी भोगलंय. स्कूटर बुक करायची आणि विसरून जायचं, नंबर लागेपर्यंत बुक करणाऱ्याचं लग्न होऊन मुलं शाळेत. गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नाही म्हटल्यावर कंपनी कशाला घाम गाळेल. मग ८० च्या दशकात पीथमपूरलाच कायनेटिक होंडा बनायला लागली, जपान्यांचं तंत्र, बटन दाबलं की चालू, गिअर नाही, आणि इंदूरच्या बायका स्कूटर चालवायला लागल्या. माझी मावशी साडीवर ती चालवत रामबागेतून ऑफिसला जायची. ती स्वदेशी का विदेशी हा प्रश्न तेव्हा कोणाला पडल्याचं मला तरी आठवत नाही. बनत होती आपल्या अंगणात आणि चालत होती उत्तम.

टिळकांच्या काळाचं उदाहरण लगेच देतात लोक, १९०५, बहिष्कार, परदेशी कपड्यांची होळी. अहो तेव्हा राज्य परक्याचं होतं आणि तोच कापड विकत होता, त्याच्या खिशाला हात घालायचा होता. आणि त्या काळातल्या मराठी लोकांनी नुसती होळी नाही केली, पैसा फंड काढला, माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला, काच बनवायला माणसं शिकवून तयार केली. म्हणजे आधी बनवायची व्यवस्था, मग विका. आपल्याकडे आता विकण्याचीच घोषणा जास्त जोरात आहे.

मग मी काय करते? मला एक कसोटी बरी वाटते की दिलेल्या पैशातला मोठा हिस्सा राहतो कुठे. महेश्वरी साडीच घ्या. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले तेव्हापासूनची आपली वस्तू, याहून स्वदेशी काय असणार. पण तिच्यातलं रेशीम बंगळूरचं, कधी चीनचंही असतं, जरीचा धागा सुरतेचा येतो. यादीवाल्या काकांनी हे ऐकलं तर साडी विदेशीत टाकतील. मी मात्र डोळे मिटून घेते, कारण तिची किंमत धाग्यात कमी आणि हातात जास्त आहे, तो हात महेश्वरचा आहे आणि मजुरी तिथल्याच घरात जाते. अडचण वेगळीच आहे, पॉवरलूमवर काढलेली नक्कल महेश्वरी म्हणूनच विकतात आणि तीही शंभर टक्के देशी. आता सांगा. मी तरी हँडलूम मार्कची चिठ्ठी बघते आणि काठ उलटा करून बघते, खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो.

कसोटीतली दुसरी गोष्ट म्हणजे दुरुस्ती. मिक्सर मी देशी घेते ते भावनेने नाही, जेल रोडवर त्याचे पार्ट मिळतात, जार मिळतं, कपलर बदलून मिळतं आणि बदलणाऱ्यालाही चार पैसे मिळतात. मागे एका देशी कंपनीचा गीझर घेतला होता, गॅरंटीत असताना टाकी गळायला लागली आणि सर्व्हिसवाले फोनवर रोज उद्या म्हणायचे. त्या कंपनीचं मी परत काही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. आपलाच आहे, सांभाळून घ्या, हे मला चालत नाही. आपला आहे म्हणून तर दोन शब्द जास्त सुनावायचे, परदेशातल्या कंपनीला मी काय सुनावणार.

औषधं आणि फोन यात मी पडत नाही. गोळी इथे बनते पण तिचा कच्चा माल खूपदा चीनचा असतो, आणि फोन इथे जोडला तरी चिप बाहेरून येते, त्यात डोकं घालून माझा काही निर्णय बदलत नाही. खेळण्यांचं मात्र चांगलं झालंय, २०२० मध्ये ड्युटी २० ची ६० टक्के केली, पुढे ७०, आणि २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. तो उग्र वासाचा प्लॅस्टिकचा कचरा जरा कमी दिसतो आता. भाव चढलेत पण. आपल्या इंदूरची चामड्याची खेळणी, ते घोडे आणि सिंह, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, ती मात्र मुलं खेळत नाहीत, मोठी माणसं शोकेसमध्ये ठेवतात.

बरं, ही माझी हिस्सा कुठे राहतो वाली कसोटी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. सरकार स्वतः खरेदी करतं तेव्हा २०१७ पासून हेच बघतं, आणि २०२० पासून तर वर्गच पाडलेत, मालात देशातला हिस्सा ५० टक्के किंवा वर असेल तर पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० मध्ये असेल तर दुसऱ्या. हे वर्ग पाडताना मालक कुठला, नाव संस्कृत आहे की इंग्रजी, ते नाही बघत. मग हाच आकडा आपल्याला पाकिटावर का नको? निदान तेलाच्या पाऊचवर तरी लिहा की आतलं तेल कुठल्या देशाचं, किती टक्के इथल्या दाण्याचं. सांवेरच्या सोयाबीनचं आहे म्हणून लिहिलं असेल तर मी लिटरमागे दहा रुपये जास्त देईन, खरंच देईन. आत्ता मला द्यायचे असले तरी कोणाला देऊ तेच कळत नाही.

हे मी घरी बोलले तर वहिनी म्हणाली, ताई लिहिलं तरी वाचतंय कोण, लोक आधी भाव बघतात आणि मग फुकट डबा आहे का ते बघतात. तिचं अगदीच चूक नाही, आमच्या ओट्यावर तसले तीन डबे पडलेत. पण तरी लिहा बाबांनो, मला वाचायचंय.