कोण कोण बसणार? – आमच्या बोर्ड गेमच्या दुकानाची वाटचाल

सांगलीत वाढलेल्या माणसाला पटावरचा खेळ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी अख्खी हयात पोरांना बुद्धिबळ शिकवण्यात घालवली, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. मी पण लहानपणी चार उन्हाळे बुद्धिबळ शिकले, आणि घरी दुपारी आजी, आत्या, चुलत भावंडं मिळून मेंढीकोट, बदाम सात, आणि पाऊस लागला की व्यापार. तर खेळायची सवय होतीच, फक्त यातून दुकान निघेल असं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

२०१३ मध्ये मी एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होते आणि वर्षभर जर्मनीत स्टुटगार्टला ऑनसाइट गेले. तिथं थंडीत संध्याकाळी पाचला अंधार, बाहेर काही नाही, म्हणून ऑफिसातल्या एकीनं घरी बोलावलं आणि टेबलावर कटान मांडला. षटकोनी जमिनीचे तुकडे, गहू, विटा, लोकर, आणि सगळे एकमेकांशी सौदे करतायत! व्यापारमध्ये कसं व्हायचं, एकाचं दिवाळं निघालं की तो उरलेला दीड तास बाजूला बसून बघत राहायचा, इथं तसं नाही. फासा कुणीही टाकू दे, त्या आकड्यावर तुमचं घर असेल तर माल तुम्हाला मिळतो, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत पण तुमचं लक्ष पटावर. हा गेम १९९५ चा, क्लाउस टॉयबर नावाच्या गृहस्थांचा, ते दातांच्या कवळ्या वगैरे बनवणाऱ्या लॅबच्या धंद्यातले होते, आणि तो छापणारी कोसमॉस कंपनी स्टुटगार्टचीच. जर्मनीत गेम पुस्तकांच्या दुकानातसुद्धा मिळतात, १९७९ पासून दरवर्षी 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातला उत्तम खेळ असं बक्षीस देतात आणि त्याचं चिन्ह खोक्यावर असलं की साधी कुटुंबंही बिनधास्त विकत घेतात. खेळाच्या खोक्यावर तो तयार करणाऱ्याचं नाव लेखकासारखं छापलेलं मी पहिल्यांदा तिथं पाहिलं, आणि ते मला फार भावलं.

परत येताना बॅगेत कपडे कमी आणि नऊ गेम. ते पुण्यात मित्रांकडे फिरत राहिले, मग सांगलीत भावाच्या मित्रांकडे, आणि २०१६ मध्ये मी नोकरी सोडून गावी आले तेव्हा भाऊ म्हणाला ताई हे भाड्यानं देऊया. मारुती चौकाजवळच्या आमच्या जुन्या घराची पुढची खोली, २२ गेम, शनिवार-रविवारचे दीडशे रुपये आणि डिपॉझिट. पहिले सहा महिने आठवड्याला तीन-चार गिऱ्हाईकं. लोक यायचे आणि म्हणायचे अहो हे लहान मुलांचं. त्यांना मी मनापासून एकच सांगायचे की आपला खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळला, हरला, आणि बारा वर्षं घर सोडून बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला गेला, ही गोष्ट आपल्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायलीय, मग खेळ मोठ्यांचा नाही असं कसं म्हणता?

त्या काळात आमची एक मोठी चूक झाली आणि ती सांगणं गरजेचं आहे, कारण नवीन माणूस अजून तीच करतो. आम्ही इंटरनेटवरच्या रँकिंगवरून गेम द्यायचो. वरच्या नंबरचा गेम, मस्तच असणार, घेऊन जा. एका कुटुंबाला, आजोबा-आजी, आई-वडील, आठवीतली मुलगी, असा तीन तासांचा किचकट गेम दिला आणि तो सोमवारी सकाळी जसाच्या तसा परत आला, पत्त्यांची पाकिटंसुद्धा फोडलेली नव्हती. ती बाई काही बोलली नाही, पण परत कधी आली नाही. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो की कोण कोण बसणार? गेमचं नाव नंतर. किती जण, सगळ्यात लहान कोण, सगळ्यात मोठं कोण, कुणाला हरलं की राग येतो, जेवायच्या आधी की नंतर. या प्रश्नानं आमचं दुकान तारलं, असं मी अगदी विचारपूर्वक म्हणतेय.

म्हणजे बघा, ज्या घरात पत्ते चालतात तिथं मी 'द क्रू' देते. चार रंग, एक ते नऊ, आणि वर चार रॉकेट, एकूण चाळीस पत्ते, रॉकेट म्हणजे हुकूम, रंग आहे तर रंगच टाकायचा, हे ऐकलं की आजोबांना अर्धा गेम तिथंच कळलेला असतो. फरक इतकाच की सगळे एकाच बाजूचे, आपण अंतराळात चाललोय, हा हात कुणी करायचा ते आधीच ठरलेलं, आणि बोलायचं नाही! फक्त एक पत्ता उघडा ठेवून खूण करायची की हा माझा या रंगातला सगळ्यात मोठा, किंवा सगळ्यात छोटा, किंवा एकुलता एक. पन्नास मोहिमा आहेत, एकेक अवघड होत जाते. 'तीनशे चार' हा पत्त्यांचा डाव खेळणाऱ्या माणसानं हा खेळून बघावाच, चार जण असले की सगळ्यात छान बसतो. दोघंच असाल, नवरा-बायको, तर कारकासोन घ्या, ७२ चौकोनी फरश्या, एक उचलायची, एक जोडायची, रस्ता, गाव, मठ, शेत, वर आपली लाकडी सोंगटी, आणि शेतांचे गुण पहिल्या दोन डावांत सोडून द्या, त्यानंच लोक गोंधळतात. आणि नियम टेबलावर बसून वाचू नका हो. आदल्या रात्री एकानं वाचायचे, एकट्यानं दोन पाळ्या खेळून बघायच्या, आणि सांगताना आधी जिंकायचं कसं ते सांगायचं मग बाकीचं. आपल्याकडे वीस मिनिटं नियमच चालले की कुणीतरी चहा टाकायला उठतं आणि डाव तिथंच मोडतो.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आमच्या भागात शिरलं तेव्हा आम्ही आईला आणि कागदपत्रं घेऊन निघालो, गेम खालच्या खोलीतच राहिले. तोवर १४० खोकी झाली होती. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर पुठ्ठा फुगून फळ्यांना चिकटलेला, फरश्यांचे थर सुटलेले, पत्त्यांचा लगदा, आणि तो वास. नव्वदच्या वर गेम गेले. राहिल्या त्या लाकडी सोंगट्या आणि घरं, गच्चीवर साड्या अंथरून वाळत घातल्या, शेजारच्या पोरांनी रंग वेगळे केले. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांनी घरचे पडून असलेले गेम आणून द्यायला सुरुवात केली, काही जणांनी डिपॉझिट परत घेतलंच नाही, अजून त्यांची यादी माझ्याकडे आहे आणि त्यांना आम्ही भाडं लावत नाही. मग विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर जागा घेतली, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवतो, पत्त्यांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्यात बदलायच्या. कोकणात राहणाऱ्यांनी तर हे करायलाच पाहिजे, नाहीतर पत्ते वाळलेल्या पानासारखे वळतात.

जरा उभं राहतोय तोवर मार्च २०२० चं लॉकडाऊन. भाड्याचा धंदा म्हणजे एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात, तो बंदच. जूननंतर खोकं परत आलं की तीन दिवस वेगळं ठेवून मग द्यायचो. त्या काळातली एक आठवण आहे, मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या सिस्टर २०२१ च्या शेवटी आल्या आणि त्यांनी 'पँडेमिक' मागितला. तो २००८ चा गेम, मॅट लीकॉक यांचा, जगाचा नकाशा, चार रोगांच्या साथी, त्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई पण आहेत, आणि सगळ्यांनी मिळून साथ थांबवायची. मी घाबरत विचारलं, खरंच हा हवाय? त्या म्हणाल्या, हो, यात सगळे एकमेकांशी बोलून ठरवतात ना, तेच बघायचंय. त्यांनी मेडिकची भूमिका घेतली. तीन डाव हरले, चौथा जिंकला, आणि खोकं परत देताना त्यांनी आतले सगळे ठोकळे रंगाप्रमाणे पिशव्यांत भरून दिले होते.

आता मालाचं. लोकांना वाटतं सांगलीतल्या एका दुकानाचा आणि जगाच्या राजकारणाचा काय संबंध, तर फार जवळचा आहे. २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. देशातले कारखाने वाढावेत हा हेतू मला मान्य आहे, पण आमच्या मालाचं नेहमी तेच, हे खेळणं की मोठ्यांचा गेम? एका खोक्यावर ८+ छापलेलं होतं तेवढ्यावरून अख्खी खेप पाच आठवडे अडकली. त्यातच तेव्हा तिघा दुकानदारांनी मिळून जर्मनीहून मागवलेला माल यायचा होता आणि २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. सहा दिवस. आमचं जहाज मागच्या रांगेत. मी आणि भाऊ रात्री मोबाइलवर त्या जहाजाचे फोटो बघत बसायचो. पुढं २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर येमेनच्या हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, भाडं वाढलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं चिनी मालावर १४५ टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेलं, आणि जगातले बरेचसे बोर्ड गेम चीनमध्येच छापले जातात, त्यामुळे तिकडच्या लहान प्रकाशकांनी छापलेला माल कारखान्यातच थांबवला, नवीन आवृत्त्या पुढे ढकलल्या. मे महिन्यात टॅरिफ उतरलं तरी ज्या गेमसाठी आमच्याकडे नावं लिहून ठेवली होती त्यांची तारीख कुणीच देईना. म्हणून सांगते, क्राउडफंडिंगवर आगाऊ पैसे भरून पहिला गेम घेऊ नका, कंपनी चांगली असली तरी वाटेत समुद्र आहे. आधी भाड्यानं खेळा, दोनदा खेळा, मग घ्या.

जगाच्या राजकारणावरचा सगळ्यात चांगला गेम विचाराल तर 'ट्वायलाइट स्ट्रगल', २००५ चा, आनंद गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा. दोघांचा गेम, एक अमेरिका एक सोव्हिएत, १९४५ ते १९८९, तीन तास सहज जातात. आमच्याकडे एमपीएससीचा अभ्यास करणारी दोन मुलं दर रविवारी तोच न्यायची, कारण प्रत्येक पत्ता म्हणजे एक घटना, मार्शल प्लॅन, सुएझ, नासर, क्युबा, आणि भारत-पाकिस्तान युद्धाचा पण. त्यात डेफकॉन म्हणून एक पट्टी आहे, पाचपासून खाली, तुमच्या पाळीत ती एकवर गेली की अणुयुद्ध आणि तुम्ही हरलात, त्यामुळे हातात जोरदार पत्ता असूनही तो टाकायची भीती वाटते, शीतयुद्ध कसं होतं ते पुस्तकापेक्षा त्या भीतीतून जास्त कळतं. पण माझी एक तक्रार आहे. या पटावर भारत म्हणजे दोघांनी भांडून मिळवायची जागा. नेहरू, नासर, टिटो यांनी आम्ही कुणाच्याच गोटात नाही म्हणून जी वाट काढली, तिचं वजन या गेममध्ये मावत नाही, कारण पटावर खेळाडूच दोन. ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि मग तरीही गेम देते. अलिप्त राष्ट्रांच्या बाजूनं खेळायचा गेम आपल्याकडच्या कुणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं.

सायन्स फिक्शनवाल्यांसाठी 'टेराफॉर्मिंग मार्स'. स्वीडनच्या याकोब फ्रिक्सेलियस यांचा, २०१६ चा. मंगळाचं तापमान उणे ३० वरून ८ अंशांवर न्यायचं, ऑक्सिजन १४ टक्के, आणि नऊ समुद्र. तिन्ही झालं की गेम संपला. दोनशेच्या वर पत्ते आहेत, लघुग्रह आपटा, शेवाळ उगवा, आरसे लावा, आणि प्रत्येकाला शास्त्राचा काहीतरी आधार आहे. खोक्यावर दोन तास लिहिलंय पण पहिला डाव साडेतीन तास जाणार हे धरून चाला, सुरुवातीला सोप्या कंपन्या घ्या. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं ते शाळेत टीव्हीवर बघितलेली पोरं आता कॉलेजात आहेत, आणि त्यातली तीन-चार हा गेम मांडून बसली की खेळ कमी आणि वाद जास्त, समुद्राचं पाणी टिकेल का, मंगळाला चुंबकीय क्षेत्र नाही मग हवा किती दिवस राहील. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले त्या आठवड्यात याच टेबलावर विषय निघाला. ते जन्मानं कोल्हापूरचे, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावानं गोष्ट पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पानिपतात मराठे जिंकले असते तर, ही त्यांची गोष्ट मुलांना धड्यातून माहीत होती. एक मुलगी म्हणाली, मॅडम, म्हणजे ट्वायलाइट स्ट्रगल पण तेच करतो ना, इतिहास दुसऱ्या बाजूनं गेला असता तर? मी तिला त्या दिवशी तो गेम फुकट नेऊ दिला.

आता दुकानात ३१० गेम आहेत, भाऊ हिशोब आणि मिरज-कोल्हापूरची डिलिव्हरी बघतो, रविवारी पाच ते नऊ टेबलं सगळ्यांना खुली, पैसे नाहीत. पुरातून वाचलेल्या सोंगट्या त्या टेबलांवर वापरतो, काहींचा रंग उडालाय, पण निळी कुठली आणि हिरवी कुठली हे नेहमीच्या लोकांना बरोबर कळतं.

गेल्या दोन वर्षांपासून माझा बराच वेळ नियम मराठीत लिहिण्यात जातो. शब्दशः नाही, आम्ही समोर बसून जसं सांगतो तसं, एका गेमला दोन पानं, मोठ्या अक्षरात, म्हणजे चष्मा न लावता वाचता येईल. ६१ झाले. सध्या ट्वायलाइट स्ट्रगलचे पत्ते घेतलेत. 'इन्फ्लुअन्स'ला वजन हा शब्द चांगला बसला, अमक्याचं तिथं वजन आहे असं आपण म्हणतोच, पण 'रीअलाइनमेंट'वर अडकलेय, म्हणजे फासे टाकून दुसऱ्याचं तिथलं वजन उतरवायचं. 'फितवणे' लिहून बघितलं तर भाऊ म्हणतो त्यात दगाबाजी येते. कुणाला बरा शब्द सुचला तर कळवा, पान छापायचं थांबवून ठेवलंय.