चेकवरचा सौर श्रावण

ऑगस्ट २०१८ मधला शुक्रवार. पुढे दुसरा शनिवार आणि रविवार, त्यामुळे रांग दारापर्यंत गेलेली. कॅशियर एक चेक घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, यावर १९४० साल आहे."

तारखेच्या चौकटींत रेखीव देवनागरी आकडे होते: १९-०५-१९४०. तीन महिन्यांहून जुना चेक आम्ही स्टेल, म्हणजे मुदत संपलेला, म्हणून परत करतो. पण हे चेकबुक आमच्याच शाखेनं आदल्या वर्षी दिलेलं.

चेक घेऊन आलेल्या काकांना आत बोलावलं. "हा मे महिना नव्हे, मॅडम. आज सौर श्रावण १९, शके १९४०."

"काका, श्रावण परवा लागतोय," कॅशियर म्हणाला. त्याचंही खरं होतं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यानं पंचांगातला आषाढ अजून संपायचा होता.

काकांनी शांतपणे समजावलं. हे राष्ट्रीय कॅलेंडर, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेलं. २२ मार्च १९५७ ला सरकारनं ते लागू केलं. तो दिवस १ चैत्र १८७९. यात तिथी नाही, अधिक महिना नाही. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, बाकीचे ३० चे, लीप वर्षी चैत्रही ३१ चा. राजपत्रावर आजही ही तारीख छापतात. मग त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली: हिंदीत लिहिलेला, शक संवताची तारीख असलेला चेक बाकी सगळं ठीक असेल तर वटवावा. 'हिंदीत' असं म्हटलंय म्हणून त्यांनी अक्षरी रक्कमही हिंदीत लिहिली होती. इतकी काटेकोर माणसं मी नोकरीत फार कमी पाहिली.

रांगेतला एक तरुण वैतागला. "एका तारखेसाठी एवढा हट्ट कशाला, काका?"

"देशानं तारीख ठरवली. कुणीतरी वापरायला हवी ना?"

सही जुळवली, संगणकात १० ऑगस्ट टाकली आणि चेक पास केला. पैसे मोजून घेताना ते म्हणाले, सोसायटीला दिलेला असाच चेक दुसऱ्या एका बँकेनं परत पाठवला होता. लेखी तक्रार करून त्यांनी दंडाची रक्कम परत मिळवली. अशा माणसाला विक्षिप्त म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. नियम आपल्याकडेच होता, तो वाचला मात्र त्यांनी.

सोमवारी मी ते परिपत्रक सगळ्या काउंटरवाल्यांना वाचून दाखवलं आणि बारा सौर महिन्यांच्या पहिल्या तारखांचा तक्ता कॅशियरच्या केबिनमध्ये लावला.