वाढ्यांचा मुरघास शेळीला घालताना

गाळप हंगामात उसाचे वाढे, म्हणजे तोडणीत उरलेले हिरवे शेंडे, मुबलक असतात, पण तीन-चार दिवसांत ते वाळतात आणि वाळलेल्या करवती पात्याला शेळी तोंड लावत नाही. तेच हिरवे असताना हवाबंद मुरवून मुरघास केला तर एप्रिल-मेमध्ये, बांधावर काडी नसताना, मोठा आधार होतो.

दहा-वीस शेळ्यांसाठी खड्डा काढू नका. रोज थोडाच मुरघास लागतो आणि उघड्या तोंडातून हवा शिरून उरलेला माल तापतो, बुरशी धरतो. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेली ५० किलोची पिशवी बरी. उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची.

तोडणीच्या दिवशीच कुट्टी करा, १ ते २ सेंमी. लांब तुकडे शेळी निवडून बाजूला टाकते, शिवाय पिशवीत ते नीट दबत नाहीत. ९० किलो कुट्टीत १० किलो तुरीचं भुसकट मिसळा. २ लिटर पाण्यात १ किलो गूळ विरघळवून शिंपडा, वर अर्धा किलो मीठ. आता मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त आहे, भुसकट वाढवा. मूठ सोडताच गोळा फुटला तर माल कोरडा आहे, थोडं पाणी मारा. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला की भरायला घ्या. वीतभर थर टाकायचा, पायाने तुडवायचा, मग पुढचा. शेवटी हवा पिळून काढून तोंड आवळून बांधा आणि ४५ दिवस हात लावू नका. उंदराने पाडलेलं भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा.

वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून काही जण चुन्याची निवळी पिशवीतच ओततात. तसं करू नका. चुन्यामुळे आंबटपणा यायला उशीर होतो आणि तोवर नको ते जंतू वाढतात. कॅल्शियम खनिज मिश्रणातून द्या, शेळीमागे रोज १० ग्रॅम, खुराकात.

चांगला मुरघास पिवळसर-तपकिरी दिसतो आणि आंबूस-गोड वास मारतो. कुजकट, लोण्यासारखा खवट वास म्हणजे ओल जास्त झाली. काळपट आणि जळक्या तंबाखूच्या वासाचा म्हणजे दाबताना हवा राहिली. बुरशी दिसली तर ती पिशवी शेळ्यांना घालूच नका. खराब मुरघासातून लिस्टेरिया या जिवाणूची बाधा होते: शेळी एकाच दिशेने गोल फिरते, एका बाजूचा कान पडतो, लाळ गळते, गाभण असेल तर गाभडते. अशा वेळी पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.

३० किलोच्या शेळीला पहिल्या दिवशी पाव किलो द्या आणि दहा दिवसांत किलोवर न्या. अचानक पोटभर दिला तर कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात) आम्लता वाढते, शेळी रवंथ सोडते. तीन महिन्यांखालच्या करडांना तो नकोच.

मुरवल्याने प्रथिनं मात्र वाढत नाहीत. वाढ्यात ती कोरड्या भागाच्या जेमतेम ५-६ टक्के, आणि कोठीपोटातले जंतू नीट चालायला ७-८ टक्के तरी लागतात. म्हणून सोबत अर्धा किलो तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, किलोभर सुबाभूळ किंवा शेवरी आणि १५०-२०० ग्रॅम मका भरडा व पेंड असा खुराक हवाच. बोकडांच्या खुराकात गव्हाचा कोंडा फार वाढवू नका. त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं, त्याने मूतखडा होतो.